लिहायला पाच, ऐकायला तीन

दिल्ली, नोएडा, गुरुग्राममधल्या बऱ्याच खासगी शाळांत फ्रेंच शिकवतात. बदलीवर आलेल्या मराठी घरांतली मुलंही ते घेतात. क्रियापदं पाठ होतात, तरी श्रुतलेखनात मार्क जातात. का जातात, ते आज पाहू.

'पार्ले' म्हणजे बोलणे. स्पेलिंग पी-ए-आर-एल-ई-आर. शेवटचं ई-आर काढा आणि कर्त्याप्रमाणे नवा शेवट लावा:

ज्य (मी): ई, उच्चार पार्ल
त्यू (तू): ई-एस, पार्ल
इल, एल (तो, ती): ई, पार्ल
नू (आम्ही): ओ-एन-एस, पार्लों
वू (तुम्ही): ई-झेड, पार्ले
इल, एल (ते, त्या): ई-एन-टी, पार्ल

म्हणजे स्पेलिंग पाच, उच्चार मात्र तीनच. चार ओळींतला शेवट लिहायचा, पण बोलायचा नाही. मार्क जातात ते इथेच.

आपल्याकडे 'बोलतोस का?' एवढं म्हटलं तरी समोरच्याला 'तू' कळतो. मराठीत शेवटच कर्ता सांगतो, म्हणून आपण सर्वनाम खुशाल गाळतो. फ्रेंचमध्ये नुसत्या 'पार्ल'वरून कोण बोलतंय ते समजत नाही. म्हणून दोन नियम: बोलताना सर्वनाम गाळू नका आणि श्रुतलेखनात आधी सर्वनाम ऐका, मग शेवट लिहा.

'इल पार्ल' एक की अनेक? ते मागच्यापुढच्या वाक्यांवरून ठरवायचं. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर मात्र कानाला मदत मिळते. 'आबिते' म्हणजे राहणे. 'इलाबित' म्हणजे तो राहतो, 'इलझाबित' म्हणजे ते राहतात. अनेकवचनी 'इल'च्या शेवटी एस असतो. एरवी तो मुका, पण पुढे स्वर आला की 'झाड'मधल्या 'झ'सारखा बोलतो.

एक सोयही आहे. आपल्या 'बोलतो, बोलते'सारखा लिंगभेद इथे क्रियापदात नाही. 'तू' आणि 'तुम्ही'चं मात्र आपल्यासारखंच: शिक्षकांना 'वू', मित्राला 'त्यू'.

फ्रेंचमधली दहापैकी सुमारे नऊ क्रियापदं ई-आरवाली आहेत. त्यात मोठा अपवाद 'आले', म्हणजे चक्क जाणे! ते वेगळं पाठ करा.

आता 'शांते', म्हणजे गाणे, सहाही कर्त्यांबरोबर चालवा. आधी मोठ्याने म्हणा, मग लिहा. चार ठिकाणी 'शांत' ऐकू आलं, की समजा जमलं.