‘ॲडव्हाइस’ आणि ‘ॲडव्हाइझ’ : एका शब्दाची दोन कामे

परभाषेतील शब्द आपल्या घरी प्रथम पाहुण्यासारखा येतो आणि हळूहळू घरचाच होऊन राहतो. ‘डॉक्टरांचा ॲडव्हाइस घेतला’, ‘वकिलांनी ॲडव्हाइस दिला’ अशी वाक्ये आज खेड्यातील ओसरीवरही ऐकू येतात. मराठी बोलण्यात हा शब्द असा वापरला तर काही बिघडत नाही. तेथे तो मराठीच्या चालीने चालतो. परंतु तोच शब्द इंग्रजी अर्जात लिहावयाचा असेल, मुलाखतीत उच्चारावयाचा असेल, किंवा इस्पितळातील एखाद्या इंग्रजी कागदावर वाचून त्याखाली सही करावयाची असेल, तर त्याच्या मूळच्या भाषेचे नियम समजून घ्यावे लागतात. आपल्या कुटुंबांतील कितीतरी मुले-मुली परिचारिकेच्या, कारकुनाच्या किंवा जहाजावरील नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज करतात. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांसाठी आम्ही आज हा एकच शब्द विचारास घेतला आहे.

वस्तुतः ही दोन रूपे आहेत. ‘ॲडव्हाइस’ हे नाम. त्याचा अर्थ सल्ला. ‘ॲडव्हाइझ’ हे क्रियापद. त्याचा अर्थ सल्ला देणे. आपला घोटाळा होतो तो येथेच. मराठीत सल्ला देण्यासाठी स्वतंत्र असे एक क्रियापद रूढ नाही. आपण ‘सल्ला’ हे नाम घेतो आणि त्याला ‘देणे’ जोडतो. नाम असो वा क्रिया असो, आपल्या कानांवर ‘सल्ला’ हाच शब्द पडतो. इंग्रजीत मात्र ‘देणे’ हे त्या क्रियापदाच्या पोटातच सामावलेले असते.

म्हणून आम्ही वाचकांना एक सोपी कसोटी सुचवितो : वाक्यातील काम कोण करीत आहे, ते पाहावे. ‘गिव्ह’, ‘टेक’, ‘फॉलो’ असे दुसरे क्रियापद देण्याचे, घेण्याचे किंवा पाळण्याचे काम करीत असेल, तर आपला शब्द नाम आहे, ‘ॲडव्हाइस’ आहे. तसे दुसरे क्रियापद नसून सल्ला देण्याचे सारे काम याच शब्दावर पडले असेल, तर तो ‘ॲडव्हाइझ’ आहे. ‘द टीचर ॲडव्हाइझ्ड अस टू रीड, वी टुक हर ॲडव्हाइस.’ बाईंनी आम्हांस वाचनाचा सल्ला दिला. आम्ही तो घेतला. या एका वाक्यात दोन्ही रूपे आपापल्या जागी बसली आहेत. मुलांना ते श्रुतलेखनास घालावे.

आता लेखन. दोन्ही शब्दांतील अक्षरे सारखीच. फरक तो शेवटून दुसऱ्या अक्षराचा. नामात तेथे ‘सी’ येतो, क्रियापदात ‘एस’ येतो. लहान मुलांसाठी एक खूण सांगता येईल. नामाची शेवटची तीन अक्षरे वेगळी काढली तर ‘आइस’ म्हणजे बर्फ हा शब्द निघतो. बर्फ ही वस्तू आहे; म्हणून ते नाम. क्रियापदात त्याच जागी ‘आय’ आणि ‘एस’ ही अक्षरे शेजारी येतात. त्यांचा ‘इज’ होतो, आणि ‘इज’ हे क्रियापद आहे. अशी खूण एकदा मनात बसली की परीक्षेच्या घाईतही विसरत नाही.

उच्चारातही तसाच भेद आहे. नामाच्या शेवटी शुद्ध ‘स’ आहे. क्रियापदाच्या शेवटी ‘झाड’ आणि ‘झरा’ या शब्दांतील ‘झ’ला जवळचा असा ध्वनी आहे, ‘झेंडा’ या शब्दातील ‘झ’ नव्हे. तो उच्चारताना जीभ दातांना घट्ट टेकवू नये. दोन बोटे गळ्यावर ठेवून दोन्ही शब्द म्हणून पाहावे. पहिल्याच्या अखेरीस सापाच्या फूत्काराप्रमाणे नुसता वारा निघतो, गळा स्वस्थ राहतो. दुसऱ्याच्या अखेरीस मधमाशी गुणगुणावी तसा गळा थरथरतो आणि आधीचा स्वरही किंचित लांबतो. जोर मात्र दोन्ही शब्दांत दुसऱ्या अवयवावरच द्यावयाचा असतो.

ही जोडी एकटी नाही. ‘यूस’ म्हणजे उपयोग, ‘यूझ’ म्हणजे वापरणे. येथे लेखन एकच असून उच्चार तेवढा बदलतो. ‘डिव्हाइस’ म्हणजे साधन किंवा युक्ती, ‘डिव्हाइझ’ म्हणजे युक्ती योजणे. ‘बिलीफ’ म्हणजे विश्वास, ‘बिलीव्ह’ म्हणजे विश्वास ठेवणे. ‘प्रूफ’ म्हणजे पुरावा, ‘प्रूव्ह’ म्हणजे सिद्ध करणे. नामाच्या अखेरीस वारा आणि क्रियापदाच्या अखेरीस घोष, असा हा क्रम आहे. याउलट ‘प्रॅक्टिस’ या शब्दाचा उच्चार दोन्हीकडे एकच. ब्रिटिश पद्धतीत नामाला ‘सी’ आणि क्रियापदाला ‘एस’ लिहितात, तर अमेरिकेत दोन्हीकडे ‘सी’च लिहितात. ‘ॲडव्हाइस’च्या बाबतीत मात्र इंग्लंड आणि अमेरिका यांच्यात मतभेद नाही.

या शब्दाचे मूळही जाणून घेण्याजोगे आहे. लॅटिन भाषेत ‘पाहणे’ या अर्थाचा जो धातू आहे, त्यापासून जुन्या फ्रेंचमध्ये ‘मला असे दिसते’ अशा अर्थाचा वाक्प्रचार झाला, आणि त्यातून मत किंवा सल्ला या अर्थाचा शब्द इंग्रजीत उतरला. प्रारंभी त्यात ‘डी’ हे अक्षर नव्हते. लॅटिन शब्दांच्या धर्तीवर ते पंधराव्या शतकात मागाहून आले. नामाला ‘सी’ लिहिण्याची रीत तर अठराव्या शतकात स्थिरावली. आपला ‘सल्ला’ अरबीतून आला. ‘मसलत’ हा त्याचाच भाऊबंद, आणि दोहोंच्या मुळाशी हित, भले असा अर्थ आहे. एका भाषेने सल्ल्यात दृष्टी पाहिली, दुसरीने हित पाहिले. चांगल्या सल्ल्यात दोन्ही असावीत, हे कोण नाकारील?

नामाचा वापर करताना आणखी एक नियम सांभाळावा लागतो. मराठीत आपण ‘एक सल्ला’ म्हणतो, ‘चार सल्ले’ही म्हणतो. इंग्रजीत सल्ला या अर्थी हे नाम मोजता येत नाही. पाणी किंवा तांदूळ यांच्याप्रमाणे ते सदैव एकवचनी राहते. ‘ॲन ॲडव्हाइस’ हे चूक, आणि ‘मेनी ॲडव्हाइसेस’ हेही चूक. थोडा सल्ला हवा असेल तर ‘सम ॲडव्हाइस’ म्हणावे. एकच गोष्ट सांगावयाची असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ म्हणावे. शंभर जणांनी शंभर गोष्टी सांगितल्या तरी त्यांचा ‘ॲडव्हाइस’ एकच.

क्रियापदाच्या बाबतीत मराठीची ‘ला’ ही विभक्ती आपल्याला फसविते. ‘त्याला सल्ला दिला’ या वाक्यातील ‘ला’ मनात धरून मुले ‘ॲडव्हाइझ्ड टू हिम’ असे लिहितात. तेथे ‘टू’ नको. ‘ॲडव्हाइझ्ड हिम’ एवढेच पुरे. पुढे जी कृती करावयाची तिच्या आधी मात्र ‘टू’ येतो : ‘ही ॲडव्हाइझ्ड मी टू वेट.’ एखादी गोष्ट करू नये असा सल्ला असेल तर ‘नॉट टू’ वापरावे.

या दोन्ही रूपांचा भारदस्त नमुना पाहावयाचा असल्यास आपल्या संविधानाचा ७४ वा अनुच्छेद उघडावा. राष्ट्रपतींना साहाय्य करण्यास व सल्ला देण्यास पंतप्रधानांच्या नेतृत्वाखाली मंत्रिपरिषद असेल, असे तो सांगतो. इंग्रजी पाठात येथे ‘एस’ असलेले क्रियापद आहे. राष्ट्रपतींनी त्या सल्ल्यानुसारच वागावे, ही स्पष्ट भर १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने घातली. तेथे ‘सी’ असलेले नाम आहे. पुढे १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने, सल्ल्याचा पुनर्विचार करावा असे मंत्रिपरिषदेला सांगण्याची मुभा राष्ट्रपतींना मिळाली; पुनर्विचारानंतर दिलेला सल्ला मात्र त्यांना पाळावा लागतो. मंत्री अनेक, विषय अनेक; तरी नाम एकवचनीच राहिले आहे. आणि आणखी एक गोष्ट दिसते : सल्ला हा शब्द मवाळ असला तरी त्याचे बंधन प्रत्येक ठिकाणी सारखे नसते.

हेच आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. इस्पितळातून घरी सोडताना जो कागद मिळतो, त्यावर बहुधा ‘ॲडव्हाइस’ असे शीर्षक असते. त्याखाली औषधे, पथ्य आणि पुन्हा दाखविण्याची तारीख लिहिलेली असते. तो सल्ला आहे म्हणून ऐच्छिक आहे, असे समजून तो कागद फडताळात टाकणे धोक्याचे आहे. ‘अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस’ असे शब्द असलेला कागद पुढे आला तर सही करण्यापूर्वी थांबावे. डॉक्टरांचा सल्ला न मानता आम्ही रोग्याला आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत, असा त्याचा अर्थ असतो. तीन शब्दांचा अर्थ न विचारता केलेली सही मागाहून मनाला लागून राहते.

बँकेच्या कागदावर हाच शब्द निराळ्या अर्थाने येतो. तेथे ‘क्रेडिट ॲडव्हाइस’ म्हणजे खात्यात पैसे जमा झाल्याची सूचना. बँक तेथे उपदेश करीत नाही, वर्दी देते. कचेरीच्या पत्रात ‘यू आर ॲडव्हाइझ्ड टू’ असे लिहून अमुक दिवशी हजर राहण्यास सांगितले असेल, तर ती बहुधा सौम्य भाषेतील ताकीदच समजावी आणि मुदत चुकवू नये. हवामान खात्याच्या इशाऱ्यांतही हे क्रियापद येते : मच्छीमारांनी समुद्रात न जाण्याचा सल्ला देण्यात येत आहे. आमचे किनाऱ्यावरील वाचक हे वाक्य चांगले ओळखतात. शब्द सल्ल्याचा असला तरी त्यामागे वादळ उभे असते.

कोणी म्हणेल, एका अक्षरासाठी एवढी उठाठेव कशाला? गोव्याच्या भूमीवर याचे उत्तर चारशे वर्षांपूर्वीच मिळाले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते १५७९ साली गोव्यास आले, येथील भाषा त्यांनी मनोभावे आत्मसात केली, आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रायतूर येथे छापून निघाले. एका इंग्रजाने आपल्या भाषेसाठी इतके श्रम घेतले. त्याच्या भाषेतील एक ‘स’ आणि एक ‘झ’ नीट ओळखणे आपल्याला जड का वाटावे? परभाषा चुकतमाकत बोलण्यात लाज नाही. पण जी शुद्ध बोलता येण्याजोगी आहे ती तशी बोलावी. त्यात समोरच्या माणसाचा मान राहतो आणि आपले कामही अडत नाही.

येत्या रविवारी जेवणानंतर घरातील मुलांकडून वरील वाक्य लिहून घ्यावे, आणि मोठ्यांनीही गळ्यावर बोटे ठेवून ते म्हणून पाहावे. त्याच बैठकीत फडताळातील इस्पितळाचा कागद काढून त्यावरील ‘ॲडव्हाइस’ सर्वांनी मिळून वाचावा. परत दाखविण्याची तारीख अद्याप टळलेली नसेल, तर ती भिंतीवरील कॅलेंडरात लिहून ठेवावी.