चित्रफितींचे दप्तर

२४ फेब्रुवारी १९५८ रोजी डोईला पांढरा फेटा, डोळ्यांना काळा चष्मा अशा थाटात मोटारसायकलवर आरूढ झालेला ‘गेक्को कामेन’ जपानी दूरचित्रवाणीवर अवतरला, आणि त्याच्यामागून १९६६ साली एइजी त्सुबुराया यांच्या संस्थेचा ‘अल्ट्रामॅन’ व १९७१ साली शोतारो इशिनोमोरी यांच्या कल्पनेतला ‘कामेन रायडर’ असे एकाहून एक पराक्रमी पुरुष आले. या ‘तोकुसात्सु’, म्हणजे विशेष दृश्यपरिणामांवर उभ्या असलेल्या, मालिकांच्या जतनाचा प्रश्न आज ऐरणीवर आला आहे, याचे कारण त्या कलेच्या स्वभावातच आहे.

ही कला मुळात विध्वंसाची. लाकूड आणि प्लॅस्टरची इवलीशी नगरे उभारायची ती राक्षसाच्या पायाखाली तुडवली जाण्यासाठीच. रबरी पोशाख घामाने कुजत, फाटत. चित्रीकरण संपल्यावर हाती उरे ती बहुधा चित्रफीतच. त्या काळी महागडी व्हिडिओ टेप पुसून पुन्हा वापरण्याची वहिवाट असल्याने जपानी सार्वजनिक प्रसारणसंस्था एनएचकेचे कितीतरी कार्यक्रम कायमचे गेले. या मालिका फिल्मवर चित्रित झाल्या म्हणून तगल्या. परंतु फिल्मही अमर नव्हे. दमट कोठारात पडलेल्या अ‍ॅसिटेट फिल्मला शिर्क्याचा आंबूस दर्प सुटतो, ती आकसते, आणि कडेची छिद्रे यंत्राच्या दात्यांशी जुळेनाशी होतात.

म्हणून एकेक चौकट टिपून तिचे संगणकीय रूप करावे लागते, आणि तिथेच एक नाजूक पेच उभा राहतो: पूर्वीच्या धूसर पडद्यावर न दिसलेली, उडत्या यानाला तोलून धरणारी बारीक तार आता स्वच्छ दिसू लागते. ती पुसावी, तर कारागिराच्या हिकमतीचा पुरावाच नाहीसा होतो. ठेवावी, तर त्याने रचलेली माया भंगते. दुरुस्त प्रत लोकांपुढे ठेवून मूळ प्रत अस्पर्श राखावी, हाच त्यातला शहाणा मार्ग.

त्सुबुरायांच्या जन्मगावी, फुकुशिमा प्रांतातील सुकागावा येथे, नोव्हेंबर २०२० पासून उरल्यासुरल्या प्रतिकृतींना हक्काचे कोठार लाभले आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अशा मालिका काढणाऱ्या तोएई कंपनीने आपल्या सत्तर मालिकांचे पहिले दोन-दोन भाग यूट्यूबवर खुले करण्याचा उपक्रम जाहीर केला. तोएईचाच ‘जायंट रोबोट’ ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिलेल्या आपल्याकडील पिढीला अशा दप्तराचे मोल वेगळे सांगायला नको.

तथापि दप्तराची किल्ली मालकाच्या कनवटीला आहे. जपानी कायद्याने चित्रपटकृतीचा स्वामित्वहक्क प्रकाशनापासून सत्तर वर्षे चालतो. तोवर काय दाखवावे, काय झाकावे, हे मालक ठरवणार. त्सुबुरायांच्याच संस्थेच्या ‘अल्ट्रा सेव्हन’ या मालिकेचा १७ डिसेंबर १९६७ रोजी प्रक्षेपित झालेला बारावा भाग याची साक्ष देतो. त्यातील परग्रहवासीयाचा उल्लेख १९७० साली एका बालमासिकाने अणुस्फोटग्रस्तांशी जोडून केला. पीडितांनी रास्त हरकत घेतली, आणि त्सुबुरायांच्या संस्थेने तो भाग मागे घेतला. तेव्हापासून एकोणपन्नास भागांची ही मालिका अधिकृत संचांत अठ्ठेचाळीसच भागांची असते, आणि वगळलेला भाग चोरट्या प्रतींतून फिरत राहतो. पीडितांचा मान राखून तो न दाखवणे समजण्याजोगे आहे. पण दप्तरात त्याची नोंद, वगळण्याच्या कारणासह, असलीच पाहिजे. अभ्यासकाला हे माहीत असणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो हक्क मानणारी संस्थाच दप्तरखाना म्हणवून घेण्यास पात्र ठरते. एरवी ती मालाची वखार होय.