‘अक्षर’ या शब्दाचा अर्थ : एका लघु आज्ञेच्या माहितीपत्रकाची चिकित्सा

युनिक्स प्रणालीत एकेकच काम करणाऱ्या ज्या छोट्या आज्ञा आहेत, त्यांपैकी ‘डब्ल्यूसी’ ही सर्वांत जुन्यांपैकी एक होय. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या नियमपुस्तिकेत तिची नोंद आढळते. ही आज्ञा इंग्रजी शब्द मोजते, असे त्या नोंदीत, कंसात का होईना, म्हटले होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो कंस नाही. ओळी, शब्द व अक्षरे मोजणारी आज्ञा एवढेच वर्णन उरले. मर्यादेची कबुली गेली, मर्यादा मात्र राहिली.

ती मर्यादा कोणती, हे ‘आजरा’ या ग्रामनामावरून चटकन ध्यानी येते. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्यात आ, ज, रा अशी तीन अक्षरे आहेत. युनिकोडमध्ये मात्र काना हे स्वतंत्र चिन्ह असल्यामुळे चिन्हे चार होतात. आणि १९९२ मध्ये योजिलेल्या ‘यूटीएफ-८’ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापीत असल्याने बाइट होतात बारा. या आज्ञेची ‘सी’ ही खूण बारा सांगते व ‘एम’ ही खूण चार. ओळ संपविणारे चिन्ह असल्यास दोहोंत एकाची भर पडते. तीन हा आकडा कोणत्याही खुणेने मिळत नाही.

‘सी’ हे आद्याक्षर ‘कॅरेक्टर’ या शब्दावरून आले. एक चिन्ह म्हणजे एक बाइट असे समीकरण होते तोवर त्यात काही वावगे नव्हते. पुढे पॉसिक्स मानकाने ‘सी’कडे बाइट व ‘एम’कडे चिन्हे अशी वाटणी केली, जुने आद्याक्षर मात्र राहू दिले. मराठी भाषांतरकाराने अशा वेळी ‘कॅरेक्टर’ला ‘अक्षर’ हा प्रतिशब्द योजिला, तर भाषांतर शब्दशः बरोबर आणि विधान खोटे, असा प्रकार घडतो.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. एखाद्या गावयादीत नावासाठी ‘बारा अक्षरे’ जागा ठेवली आणि प्रत्यक्षात ती बारा बाइट निघाली, तर ‘आजरा’ नेमके मावते. त्याच तालुक्यातील ‘उत्तूर’ अठरा बाइटांचे असल्याने ‘उत्त’ एवढेच उरते. मर्यादा दहा बाइटांची असेल, तर शेवटचे चिन्ह मध्येच तुटून वाचताही येत नाही.

माहितीपत्रकात म्हणून ‘बाइट’, ‘चिन्ह’ आणि ‘अक्षर’ हे तीन शब्द वेगळे राखावेत, आणि खुणांच्या वर्णनालगत ‘आजरा : बाइट १२, चिन्हे ४’ असे उदाहरण द्यावे. परिच्छेदभर व्याख्येपेक्षा ही एक ओळ अधिक उपयोगी पडेल. ‘एम’चे उत्तर प्रणालीच्या भाषाविषयक मांडणीवर अवलंबून असते, हेही तेथेच नमूद करणे अवश्य आहे. ग्नू प्रणालीत ‘सी’ नामक मूळ मांडणी चालू असल्यास ‘एम’देखील बाराच सांगते, आणि नवशिक्याला आपलीच चूक झाली असे वाटते.

जुन्या नियमपुस्तिकांत दोषांसाठी स्वतंत्र सदर असे. अक्षरे मोजता येत नाहीत, हे त्या सदरात लिहिण्यास संकोच नसावा. अक्षरगणनेचे नियमही अलीकडेच बदलले आहेत. ‘उत्तूर’चे विभाजन युनिकोडच्या सर्वसाधारण नियमानुसार पूर्वी उ, त्, तू, र असे चार घटकांत होई, २०२३ च्या १५.१ आवृत्तीपासून जोडाक्षर अखंड धरले जाऊन ते तीन घटकांत होते. यास्तव अक्षरे मोजणारे दुसरे साधन सुचविताना ते कोणत्या आवृत्तीचे नियम पाळते, हेही माहितीपत्रकात लिहावे लागेल.