घरच्या अंगणातील भूविज्ञान

संग्रहालयातील काचेच्या कपाटांवर ‘हात लावू नये’ अशी पाटी असते आणि ती तेथे योग्यही आहे. परंतु भूविज्ञान हे शास्त्र मुळात हात लावूनच वाढले. दगड फोडून पाहणे, माती बोटांत चोळणे, खडूसारखी रेघ उमटते की काय हे अजमावणे, ही त्याची पहिली साधने होत. पाठ्यपुस्तकातील ‘खडकांचे तीन प्रकार’ पाठ करून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी स्वतःच्या घराची पायरी कोणत्या दगडाची आहे, हे बहुधा सांगू शकत नाही. यात त्याचा दोष थोडा. ती पायरी त्याला कोणी कधी दाखविलेलीच नसते. ही उणीव भरून काढण्यास प्रयोगशाळेची गरज नाही. घरातील बरणी, लिंबू, तुरटी, तागडी आणि परात एवढ्यावर पुष्कळ काम होते. शिवाय नातवापासून आजोबांपर्यंत सर्वांना त्यात हात घालता येतो.

आरंभ मातीपासून करावा. सरळ बाजूंची एक काचेची बरणी घेऊन तिचा तिसरा हिस्सा परसातील मातीने भरावा, वर पाणी ओतावे, चिमूटभर धुण्याचा सोडा टाकावा आणि झाकण घट्ट लावून ती पाच मिनिटे खळखळून हलवावी. मग बरणी न हलणाऱ्या फळीवर ठेवावी. मिनिटभरात वाळू तळाशी बसते. तिच्यावर गाळाचा थर जमण्यास काही तास लागतात. चिकणमातीचे कण मात्र दुसऱ्या दिवशीही पाण्यात तरंगत राहून ते गढूळ ठेवतात. असे होण्याचे कारण असे की, बारीक कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचा बुडण्याचा वेग निम्मा न होता चौथाई होतो. चिकणमातीचा कण मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही लहान असतो. तेव्हा त्याच्या आळसाचे नवल वाटू नये. बरणीवर पट्टी धरून तिन्ही थरांची उंची मोजली की मातीची कुंडली हाती येते. पुराचे पाणी ओसरल्यावर नदी काय कोठे टाकून जाते, तेही या बरणीत दिसते.

इंदूरकडील वाचकांनी याला एक जोड द्यावी. काड्यापेटीचे दोन रिकामे खण घेऊन एकात माळव्याची काळी माती आणि दुसऱ्यात नदीकाठची पोयटा माती ओली करून दाबून भरावी व सावलीत वाळू द्यावी. काळी माती खणाच्या कडा सोडून आत आक्रसते आणि तिला भेगा पडतात. पोयटा जवळजवळ जागच्या जागी राहतो. काळ्या मातीतील चिकणखनिज आपल्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शोषून फुगते आणि ते गेले की मिटते. म्हणूनच अशा जमिनीवर वरवरचा पाया घातलेल्या घराच्या भिंती दरसाल नव्याने तडकतात. आणि पाया मुरमापर्यंत नेण्याचा जुन्या गवंड्यांचा आग्रह का असतो, हे काड्यापेटीच्या खणातून मुलालाही कळते.

माती झाली, आता दगड. शहाबादी फरशी ठाऊक नाही असे मराठी घर विरळा. पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील शहाबादच्या खाणींवरून तिला हे नाव पडले. फुटलेल्या फरशीचा एक तुकडा घेऊन तो खिळ्याने खरवडावा आणि निघालेल्या भुकटीवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे येतात. भिंग असल्यास अधिक स्पष्ट दिसतात. ही फरशी चुनखडकाची असून आम्ल लागताच तीतून कर्बवायू सुटतो. हाच प्रयोग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर केल्यास काही घडत नाही. (प्रयोग बसविलेल्या फरशीवर करू नये. लिंबाचा डाग जात नाही, आणि मग शास्त्राविषयी घरात फारसे प्रेम उरत नाही.)

हैदराबादच्या टेकड्यांवर रचून ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या शिळा ग्रॅनाइटच्या आहेत. तेथला एखादा ताजा तुकडा पाहिला तर काचेसारखी गार, गुलाबी किंवा पांढुरके फेल्डस्पार आणि चकाकणारे काळसर अभ्रक नुसत्या डोळ्यांनी वेगवेगळे ओळखू येते. दख्खनच्या काळ्या पाषाणात मात्र बहुधा एकही कण निराळा दिसत नाही. दोन्ही दगड वितळलेल्या रसापासूनच झाले. मग हा फरक कशाने पडला? उत्तर तुरटी देते. वडील माणसाने कढत पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी विरघळवावी. अर्धे पाणी भांड्यासह लोकरी कापडात गुंडाळून रात्रभर निवांत ठेवावे. उरलेले ताटलीत ओतून ती गार पाण्यावर धरावी व ढवळत राहावे. ताटलीत पिठासारखा चुरा मिळतो आणि गुंडाळलेल्या भांड्यात टपोरे स्फटिक. ग्रॅनाइटचा रस जमिनीच्या पोटात खोलवर सावकाश निवला, तर बेसाल्टचा भूपृष्ठावर पसरून झटपट. दोहोंच्या वयातही मोठे अंतर आहे. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा, तर दख्खनचा काळा पाषाण अवघा साडेसहा कोटी वर्षांचा.

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे ती वालुकाश्माची. विंध्य भागातील अशा दगडाच्या फरश्यांवर पुष्कळदा लाटांसारख्या समांतर वळ्या दिसतात. परातीत बोटभर वाळू व वर पाणी घेऊन परात संथपणे मागेपुढे हलविली की तशाच वळ्या उमटतात. त्या फरशीवरून कधीकाळी उथळ पाणी हेलकावत होते, याला आणखी साक्षीदार नको. बेळगावकरांना असा वालुकाश्म पाहावयाचा असेल तर गोकाकचा धबधबा जवळ आहे. घटप्रभा तेथे याच जातीच्या कड्यावरून उडी घेते.

गोमंतकात जांभा दगड घरोघरी आहे. फ्रान्सिस ब्युकॅनन याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. कोरड्या चिऱ्याचा एक तुकडा तागडीत तोलावा, पाण्यात बुडवावा आणि पाहत राहावे. तुकड्यातून बुडबुड्यांच्या माळा निघतात. दुसऱ्या दिवशी वरचे पाणी पुसून पुन्हा तोलल्यास वजन वाढलेले असते. तेवढे पाणी दगडाने पोटात घेतले. काळ्या पाषाणाचा भरीव तुकडा या परीक्षेत जवळजवळ कोराच राहतो. पावसाळ्यात सड्यावर पडलेले पाणी जांभ्यातून मुरत जाते आणि खालच्या चिकणमातीच्या थराशी अडून पायथ्याला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. तेव्हा सड्यावरचा जांभा खणून नेला तर पायथ्याच्या झऱ्याचे काय होईल, हा प्रश्न तागडी घेऊन बसलेली मुले आपण होऊनच विचारतात. मोठ्यांनी त्याचे उत्तर घाईने देऊ नये.

यानंतरचा प्रयोग केवळ करमणुकीचा नाही. दख्खनचे पठार अचल आहे, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने तिला पहिला मोठा धक्का दिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्री लोक नुकतेच निजले असताना, किल्लारीच्या परिसरात जमीन हादरली आणि लातूर व उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे गेली. भूकंपाची महत्ता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप अनेक होतात. येथे प्राण घेतले ते घरांनी. दोन-दोन हात जाडीच्या भिंती, त्यांचा आतला पदर वेगळा व बाहेरचा वेगळा, मध्ये चिपा आणि चिखल, आणि डोक्यावर मातीचे जड माळवद. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे लांब दगड भिंतीत नव्हते.

हे समजण्यासाठी मोठ्या परातीत गोट्या पसरून त्यांवर एक फळी ठेवावी. फळीवर खडे आणि ओला चिखल यांच्या वीतभर लांबीच्या, दुपदरी अशा दोन भिंती रचाव्यात. दुसऱ्या भिंतीत मात्र दर दोन थरांनंतर लांबट खापऱ्या आरपार आडव्या घालाव्यात. चिखल वाळल्यावर दोहोंवर काड्यांचे छप्पर करून त्यावर मातीचा थर द्यावा व फळीला हिसके द्यावेत. पहिल्या भिंतीचा बाहेरचा पदर फुगतो, सुटतो आणि छप्पर आत कोसळते. दुसरी भिंत कुरकुरत का होईना, बराच वेळ तग धरते. पुरेसे हिसके दिले तर तीही पडते. ते मुलांपासून लपवू नये, कारण घरातल्या माणसांना बाहेर पडण्यास मिळणारा अवधी हाच तेथे लाभ आहे. किल्लारीनंतर उभ्या राहिलेल्या जुन्या घरांच्या भिंतींना आरपार भोके पाडून त्यांत सळई व काँक्रीटचे दुवे भरण्याचा उपाय योजला गेला, तो याच तत्त्वावर. अर्थात परातीतील खेळण्यावरून राहत्या घराची परीक्षा करावयाची नसते. खेळण्याचे वजन आणि घराचे वजन एका प्रमाणात वागत नाही. त्यासाठी स्थापत्यविशारदच बोलवावा. परंतु त्याला कोणता प्रश्न विचारावयाचा, हे परात शिकविते. हैदराबादेतील कित्येक मराठी कुटुंबांची मूळ घरे मराठवाड्यात आजही दगडमातीचीच आहेत. सुटीत गावी गेल्यावर भिंतीच्या पडलेल्या टोकाशी उभे राहून ‘यात आरपार दगड किती?’ हे मोजणे फारसे कठीण नाही.

वडीलधाऱ्यांसाठी एक सावकाशीचे काम राहिले. सरळ बाजूंचे भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठराविक वेळी त्यातील पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी. आणि आठवड्यातून एकदा गाठी मारलेला दोर सोडून विहिरीचे पाणी किती खोल आहे ते पाहावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर दहा मिलिमीटरची एक सर पडली की हजार लिटर पाणी पन्हाळीतून वाहून जाते. दोन्ही आकडे दिनदर्शिकेच्या त्या त्या चौकटीत लिहावेत आणि वर्ष सरले तरी ती दिनदर्शिका टाकू नये. पाऊस पडल्यानंतर विहीर किती दिवसांनी चढते, याचे उत्तर जांभ्यात एक, काळ्या पाषाणात दुसरे आणि बडोद्याच्या गाळाच्या जमिनीत तिसरेच येईल.