कात्रप ते सीएसएमटी : एका मंगळवारचं वेळापत्रक

पहाटे ४:४५. आधी मोटारीचं बटण, मग गॅसचं. बदलापुरात, कात्रपच्या आमच्या सोसायटीत पाणी यायची वेळ ठरलेली आहे. किती येईल हे ठरलेलं नाही. पिंप भरेपर्यंत कुकर लागतो, चहा उकळतो, मुलीचा गणवेश इस्त्रीखालून निघतो. भाजी रात्रीच चिरलेली, कणीक रात्रीच मळलेली. आईने रोज सकाळी पंधरा मिनिटं स्वतःसाठी राखावीत, शांत बसावं, असा सल्ला बऱ्याच लेखांत असतो. तो देणाऱ्यांना सव्वासातची गाडी पकडायची नसावी.

५:३०. पोळीवाल्या मावशी आल्या. त्या वांगणीला राहतात, आमच्या पुढच्या स्टेशनला. कारण तेच, ज्यासाठी आम्ही डोंबिवली सोडून इथे आलो : घर परवडतं. आमच्याकडे पोळ्या लाटून होईपर्यंत बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे, कारण नऊच्या आत त्यांना अजून तीन घरं उरकायची असतात. त्यांच्या घरचा डबा त्यांची बारावीतली मुलगी करते. माझा पाऊण तास वाचतो म्हणजे तो हवेतून येत नाही. त्या मुलीच्या झोपेतून येतो. आम्ही नोकरदार बायका ‘मॅनेज करते गं’ म्हणतो, तेव्हा हा हिशेब सहसा सांगत नाही.

६:१५. फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं आहे. जयंतराव साळगावकरांनी ते १९७३ साली सुरू केलं, तेव्हा तिथी, सण आणि राशिभविष्य डोळ्यासमोर असेल. आमच्या घरात ते चालतं ते दुधाच्या टिकांवर, सिलिंडर लावल्याच्या तारखेवर, मावशींच्या खाड्यांवर आणि नवऱ्याच्या पाळीवर. तो अंबरनाथच्या एमआयडीसीत आहे. पहिली पाळी लाल पेनाने, दुसरी निळ्याने, तिसरी काळ्याने. या आठवड्यात निळा, म्हणजे दुपारी दोन ते रात्री दहा. सकाळ त्याच्याकडे : धाकट्याची आंघोळ, बालवाडी, मुलीचा दुपारच्या शाळेचा डबा. लाल आठवड्यात तो माझ्याआधी बाहेर पडतो आणि घराची सगळी घडी बदलते. फोनमधली दोन-तीन अ‍ॅप करून पाहिली. पण फोन माझ्यासोबत मुंबईला जातो, भिंत घरी राहते. ज्याला घरी थांबून काम करायचं आहे त्याला वाचता यायला हवं, एवढी एकच अट आहे.

६:५५. कात्रपहून शेअर रिक्षा. चौथी सवारी ड्रायव्हरशेजारी अर्धी बाहेर.

७:१५. आमच्याकडे गाडीला नाव नसतं, मिनिट असतं. त्या मिनिटाची लोकल फलाटावर येते तेव्हा तिच्यात आधीच बायका बसलेल्या असतात. या उल्हासनगर-अंबरनाथच्या ‘रिटर्न’वाल्या. मुंबईला जायला त्या आधी उलट्या दिशेने बदलापूरला येतात आणि जागा धरून त्याच गाडीने परत जातात. बदलापूरकरणी त्यांच्यावर खार खाऊन असतात, भांडणंही होतात. मीही पुटपुटते. पण त्यांचं गणित चुकीचं नाही : वीस-पंचवीस मिनिटं घालवून दीड तासाची बैठक मिळते. सीएसएमटी इथून ६८ किलोमीटर आहे. उभ्याने केलेले ६८ किलोमीटर संध्याकाळी स्वयंपाकघरात पायांतून वसूल होतात.

बसायला मिळालं की डब्यात खरं घरकाम सुरू होतं. शाळेच्या ग्रुपवर उत्तर, वीजबिल, किराण्याची यादी, कुणाचं मंगळसूत्र तारण तर कुणाच्या भिशीचा हप्ता. विठ्ठलवाडीला चढणारी एक मैत्रीण ठाणं यायच्या आत मला उठवते. आमच्यात करार आहे : ठाण्यापर्यंत मी बसायचं, पुढे ती. तिची आई उल्हासनगरात जीन्सचे धागे कापते, घरी बसून, नगावर पैसे. १९४९ साली निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलेलं हे शहर. तिथल्या सिंधी बायकांनी पापड लाटून संसार सावरले आणि घर आणि कारखाना एकाच खोलीत बसवला. तिथे कामाला जायची वेळ नसते आणि यायचीही नसते. ही मैत्रीण म्हणते, ‘त्यापेक्षा गर्दी बरी. निदान उतरल्यावर ऑफिस संपतं.’

९:३० ते ५:४५ ऑफिस. त्यात सव्वाबाराचा एक फोन : मुलगी शाळेत निघाली का, धाकटा पाळणाघरात पोचला का. मुलगी शाळा सुटल्यावर तिकडेच जाते. पाळणाघरवाल्या काकूंना पावणेआठपर्यंतचा शब्द दिलेला आहे आणि त्यांच्या सूनबाईंची गाडी माझ्याच मागची आहे.

६:१०. परतीची गाडी. हिवाळा आहे म्हणून मांडीवर मटार. समोरचीच्या मांडीवर मेथी, देठं पिशवीत. सरकारने २०१९मध्ये देशभर माणसांच्या वेळेचा हिशेब घेतला होता. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. त्या सर्वेक्षणाचा दिवस पहाटे ४ ते पहाटे ४ असा धरतात. बाईचा दिवस कुठून मोजायचा हे दिल्लीत कुणाला तरी ठाऊक होतं म्हणायचं. अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण पाडून त्यांत कामं लिहून घेतात. आमचा कल्याण ते अंबरनाथचा खण मात्र भरगच्च होईल : प्रवास, मटार, गृहपाठ फोनवर.

गाडी थांबली तर काय, याची तयारी वेगळी. २६ जुलै २००५ला उल्हास नदी घरांत शिरली, ते बदलापूर विसरलेलं नाही. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि प्रवाशांना होड्यांतून काढावं लागलं, तेव्हा मी कल्याणच्या फलाटावर होते. तेव्हापासून एक किल्ली शेजारी, कपड्यांचा एक जोड पाळणाघरात आणि तीन फोन नंबर मुलीला तोंडपाठ. धाकट्यालाही शिकवतेय, पण तो मधले आकडे गाळतो.

७:५५. काकूंच्या दारात दहा मिनिटं उशिरा. काकू काही बोलल्या नाहीत. सूनबाईंची गाडीही लेट होती.

८:३०. मटार-भात, कढी. मुलगी ताटं घेते, धाकटा चमचे मोजतो. हे त्याला जमतं.

१०:४०. नवरा आला. तेवढ्यात मावशींचा व्हॉइस मेसेज : ‘ताई, उद्या येत न्हाई, पोरीचं प्रॅक्टिकल हाय, तिला सोडाया जाते.’ वरच्या मजल्यावरूनही लगेच फोन, त्यांच्याही पोळ्या मावशीच करतात. आता चार घरांची सकाळ नव्याने मांडायची. कालनिर्णयावर खाडा लिहिला, मग खोडला. मुलीच्या परीक्षेचा कसला खाडा. नवऱ्याला पोळी येते, गोल येत नाही. आमच्या दोघांच्या डब्यात चालेल, मुलीच्या डब्यात ती चालू देणार नाही. तिला पोहे. कांदा आत्ताच चिरून ठेवते.