आजीची गोष्ट आणि दप्तरातला कागद

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळा आला की गावोगावच्या मैदानांवर पांढरे तंबू उभे राहतात. एरवी शिक्षक, नर्स, सुतार किंवा संगणक अभियंते असलेली माणसे अठराव्या शतकातले कपडे चढवतात, चकमकीच्या बंदुका पुसून ठेवतात, लाकडाच्या जाळावर स्वयंपाक करतात आणि बघायला आलेल्या मुलांना ‘त्या काळी’ लोक कसे जगत ते सांगतात. इतिहासाचे असे सोंग वठवण्याला तिकडे ‘रिएनॅक्टमेंट’ म्हणतात. ‘ब्रिगेड ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही या क्षेत्रातली एक जुनी संघटना. ती १९६२ साली स्थापन झाली. १९७६ मध्ये स्वातंत्र्याच्या घोषणेची द्विशताब्दी साजरी झाली, तेव्हा या छंदाला मोठीच भरती आली.

या मंडळींत एक वाद कायम धुमसत असतो. कोणी म्हणते, ‘आमच्या पणजीच्या आजीने अशीच टोपी घातली होती, घरात तसे सांगतात.’ लगेच शेजारच्या तंबूतून प्रश्न येतो, ‘कागद आहे का?’ वरवर पाहता हे टोपीचे भांडण आहे. मुळात प्रश्न असा आहे की भूतकाळाविषयी बोलायचा अधिकार कोणाला, आणि कशाच्या जोरावर? घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कुळकथा खरी मानायची, की दप्तरातला कागद? बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक राजवाड्यांपासून ऐकत आलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका वाटू नये.

आधी कुळकथेचे सर्वांत ठसठशीत उदाहरण पाहू. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावात समुद्रकाठी एक खडक जपून ठेवला आहे. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या वसाहतकाऱ्यांनी पहिले पाऊल त्यावर ठेवले, असे सांगतात. पण त्या प्रवासाचे वृत्तांत लिहिणाऱ्या विल्यम ब्रॅडफर्ड आणि एडवर्ड विन्स्लो यांच्या लेखनात अशा खडकाचा उल्लेखच नाही. उल्लेख आला तो १७४१ मध्ये, म्हणजे १२१ वर्षांनी. तिथे धक्का बांधायचे ठरले, तेव्हा थॉमस फाउन्स या नव्वदी ओलांडलेल्या वृद्धाने, हाच तो खडक, असे सांगितले. त्याने ते वडिलांकडून ऐकले होते. वडील आले ते १६२३ साली, दुसऱ्या जहाजातून. म्हणजे पहिले पाऊल पडताना वडीलही हजर नव्हते. फाउन्स खोटे बोलत होता असे मानायचे काहीच कारण नाही. लहानपणी त्याने मेफ्लॉवरमधली काही म्हातारी माणसे पाहिलेली असणारच. पण ऐकणाऱ्याकडून ऐकलेले, शंभर वर्षांनी आठवलेले, यापलीकडे त्या खडकाला आधार नाही.

दुसरे उदाहरण ध्वजाचे. फिलाडेल्फियाच्या बेट्सी रॉस या बाईने जॉर्ज वॉशिंग्टनच्या विनंतीवरून पहिला अमेरिकन ध्वज शिवला, ही गोष्ट तिथल्या शाळकरी मुलांना पाठ असते. १७७६ मध्ये वॉशिंग्टन स्वतः तिच्या दुकानात आला, त्याच्या आराखड्यात सहा टोकांचा तारा होता, तिने कापडाची घडी घालून कात्रीच्या एका फटकाऱ्यात पाच टोकांचा तारा कापून दाखवला, अशी ती कथा आहे. ती लोकांसमोर प्रथम आली १८७० मध्ये. बेट्सीचा नातू विल्यम कॅनबी याने पेनसिल्व्हेनियाच्या इतिहास संस्थेत निबंध वाचला आणि मुलगी, नात, भाची अशा घरच्या बायकांची प्रतिज्ञापत्रे गोळा केली. आजी वारली तेव्हा, म्हणजे १८३६ मध्ये, कॅनबी दहा-अकरा वर्षांचा होता. वॉशिंग्टनच्या कागदांत किंवा काँग्रेसच्या नोंदींत या भेटीचा मागमूस नाही. ध्वजाचा ठराव १४ जून १७७७ चा आहे, आणि ध्वजाच्या आराखड्याचे पैसे मागणारा माणूस कागदावर सापडतो तो फ्रान्सिस हॉपकिन्सन. त्याने १७८० मध्ये काँग्रेसकडे तशी मागणी केली होती.

मग बेट्सी रॉस निव्वळ दंतकथा ठरते का? मुळीच नाही. २९ मे १७७७ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या नौदल मंडळाने एलिझाबेथ रॉस हिला जहाजांची निशाणे शिवल्याबद्दल १४ पौंड १२ शिलिंग २ पेन्स दिल्याची नोंद आहे. गाद्या, पडदे, निशाणे शिवणारी ती कसबी कारागीर होती. दोन नवरे तिने युद्धाच्या वर्षांत गमावले. दुसरा इंग्लंडच्या तुरुंगात मेला, आणि ती बातमी घेऊन आलेल्या त्याच्या सहकैद्याशी तिने तिसरा विवाह केला. पुढे अनेक वर्षे ती सरकारी निशाणे शिवत राहिली. मार्ला मिलर यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिच्या चरित्रात हे सारे कागदपत्रांतून उभे केले आहे. कुळकथेने या बाईला एका दुपारपुरते मोठे केले. कागदाने तिला आयुष्यभराची कष्टकरी म्हणून आपल्यासमोर आणले. सोंग घेणाऱ्या बाईला यांतली कुठली बेट्सी वठवायची, हे ठरवावे लागते.

सिबिल लडिंग्टनचे प्रकरण याहून नाजूक आहे. २६ एप्रिल १७७७ च्या रात्री इंग्रज सैन्याने डॅनबरी गाव जाळले, तेव्हा ही सोळा वर्षांची मुलगी घोड्यावरून रात्रभर दौडली आणि तिने वडिलांच्या हाताखालच्या शिपायांना गोळा केले, अशी कथा आहे. तिचा पुतळा आहे, १९७५ मध्ये तिच्यावर टपाल तिकीटही निघाले. ही दौड छापून आली ती १८८० मध्ये, आणि तिचा विस्तार झाला १९०७ मध्ये कुटुंबीयांनी खाजगीरीत्या छापलेल्या कर्नल लडिंग्टनच्या चरित्रात. सिबिलने स्वतः १८३८ मध्ये नवऱ्याच्या लष्करी सेवेबद्दल निवृत्तिवेतन मागितले. त्या अर्जात दौडीचा शब्द नाही. पॉला हंट यांनी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड क्वार्टर्ली’ या नियतकालिकात या कथेचा प्रवास तपासला. दौड झालीच नाही असे यातून सिद्ध होत नाही. पण झाली असे म्हणायलाही तत्कालीन आधार उरत नाही.

या तीन कथांकडे एकत्र पाहिले की कुळकथा कशी घडते हे दिसू लागते. घटना आणि पहिली लेखी नोंद यांत दीर्घ अंतर असते. सांगणारा नात्यातला असतो, त्यामुळे त्याला कथेविषयी जिव्हाळा असतो आणि थोडा मानही मिळतो. आणि घरातल्या साध्या माणसाजवळ कोणीतरी थोर पुरुष किंवा थोर प्रसंग येऊन उभा राहतो. शिवाय कथा पिढ्या गाळते. खापरपणजोबांचे पराक्रम पणजोबांच्या नावावर जमा होतात. यात लबाडी असतेच असे नाही, स्मरणाचा तो स्वभावच आहे. म्हणूनच ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही १८९० साली स्थापन झालेली वंशजांची संस्था सभासदत्वासाठी प्रत्येक पिढीचा पुरावा मागते. नुसती घरची परंपरा तिथे चालत नाही.

कपड्यांच्या बाबतीत हाच नियम लागू पडतो, आणि इथे आपला संबंध येतो. वसाहतीच्या काळात प्रत्येक घर स्वतः सूत कातून कापड विणत असे, हा अमेरिकन कुटुंबांचा आवडता समज. माळ्यावरचा चरखा त्याचा साक्षीदार. सूतकताई होत होती हे खरे, पण दुकानदारांच्या वह्या, मृतांच्या मालमत्तेच्या याद्या आणि वर्तमानपत्रातल्या जाहिराती आयात कापडाने भरलेल्या आहेत. त्यात हिंदुस्थानचा माल भरपूर. छापील हिंदी सुती कापड वापरायला इंग्लंडने १७०० च्या कायद्याने बंदी केली, पण ते पुन्हा बाहेर पाठवायला मोकळीक ठेवली. त्यामुळे ते अमेरिकन वसाहतींत पोचत राहिले. तिथे ‘चिंट्झ’ म्हणून विकली जाणारी ती आपली छीट. ‘बँडाना’ रुमालाचे नाव बांधणीशी जोडलेले आहे. श्रीमंत पुरुष घरात जो सैल झगा घालत त्याला ‘बन्यान’ म्हणत, कारण तो वाणी व्यापाऱ्यांचा पोशाख समजला जाई. आपण सदऱ्याच्या आत घालतो त्या बनियनचे नाव त्याच कुळातले आहे. तेव्हा फिलाडेल्फियातल्या बाईचे सोंग घेऊन छिटेचा झगा घालणे हे नटवेपण ठरत नाही. त्याला कागदाचा आधार आहे.

घरातल्या जुन्या वस्तूंवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. अठराव्या शतकातले कित्येक रेशमी झगे एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८७६ च्या शताब्दीच्या सुमारास, वेषांतराच्या मेजवान्यांसाठी उसवून पुन्हा शिवले गेले. कापड जुने, बेतणी नवी. शिवाय जपले जातात ते भारी आणि कमी वापरलेले कपडे. रोजचे कपडे फाटेपर्यंत वापरून शेवटी चिंध्या होतात. म्हणून जाणते लोक तीन साक्षी मागतात: लेखी उल्लेख, त्या काळचे चित्र आणि शिल्लक वस्तू. तिन्ही जुळल्या तर गोष्ट पक्की. द्विशताब्दीच्या काळात गोल कापडात नाडी ओवून केलेल्या फुगीर टोप्या सर्रास घातल्या जात. त्या काळच्या टोप्या नीट बेतून, पट्टी लावून शिवलेल्या असत, हे या कसोटीतूनच लक्षात आले.

इथपर्यंत कागदाची बाजू भक्कम दिसते. पण कागद तरी कोणाचा? सामान्य माणसाच्या रोजच्या कपड्यांची सर्वांत बारीक वर्णने मिळतात ती पळून गेलेल्या गुलामांच्या आणि करारबद्ध नोकरांच्या जाहिरातींत. ‘व्हर्जिनिया गॅझेट’ आणि ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’ यांत त्या सतत येत. अंगरखा कुठल्या कापडाचा, गुंड्या कशाच्या, बूट कसे झिजलेले, सगळे तपशीलवार. ते लिहून घेतले मालकाने, माणूस परत पकडता यावा म्हणून. तो का पळाला, मागे कोणाला सोडून गेला, हे त्या कागदात नाही. ते सांगितले गेले असेल तर त्याच्या घरात, तोंडी. व्हर्जिनियाची राजधानी असलेल्या विल्यम्सबर्गमध्ये निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती. तिथल्या दप्तरात त्यांचा आवाज मात्र जवळजवळ नाही. कागद नाही म्हणून गोष्ट नाही असे म्हटले, तर ज्यांना लिहायला मिळाले नाही ती माणसे दुसऱ्यांदा पुसली जातात.

याचा कस लागला तो टॉमस जेफर्सनच्या बाबतीत. त्याच्या ताब्यातील गुलाम स्त्री सॅली हेमिंग्ज हिच्या मुलांचा बाप कोण? तिचा मुलगा मॅडिसन हेमिंग्ज याने १८७३ मध्ये एका वर्तमानपत्रात सांगितले की बाप जेफर्सन. जेफर्सनच्या नातवंडांची कुळकथा वेगळी होती. ती बोट दाखवत होती जेफर्सनच्या कार घराण्यातील भाच्यांकडे. इतिहासकारांनी बराच काळ गोऱ्या घराची कथा पुरावा मानली आणि काळ्या घराची अफवा. ॲनेट गॉर्डन-रीड यांनी १९९७ च्या पुस्तकात हा दुटप्पीपणा उघडा पाडला. १९९८ मध्ये डीएनए चाचणी झाली. सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाची पुरुषवंशखूण जेफर्सन घराण्याशी जुळली, कार घराण्याशी जुळली नाही. प्रत्येक मुलाच्या जन्माआधी नऊ महिने जेफर्सन घरी होता, हे त्याच्याच नोंदींवरून कळत होते. जेफर्सनचे घर सांभाळणाऱ्या प्रतिष्ठानने २००० साली हे पितृत्व बहुतांशी मान्य केले, जरी काही अभ्यासक अजून ते मानत नाहीत.

पण गोष्ट इथे संपत नाही. आपला पूर्वज टॉमस वुडसन हाही जेफर्सनचाच मुलगा, अशी वुडसन कुटुंबाचीही पिढीजात कथा होती. त्याच चाचणीत ती जुळली नाही. दोन्ही घरे तितक्याच निष्ठेने आपली कथा सांगत होती. म्हणजे सोसलेले दुःख कथेला आदर मिळवून देते, पण ती खरी ठरवत नाही. कुळकथा ही साक्ष आहे, निकाल नव्हे. आणि साक्ष तपासायची असते, हाकलून द्यायची नसते.

कागद आणि गोष्ट यांची सीमाही आपण समजतो तितकी पक्की नाही. १८३२ च्या कायद्याने क्रांतियुद्धातल्या वृद्ध शिपायांना निवृत्तिवेतन मिळू लागले. ज्यांच्याकडे कागद नव्हते, त्यांनी न्यायालयात उभे राहून आपली सेवा तोंडी सांगितली आणि कारकुनाने ती उतरून घेतली. विधवांनी विवाहाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलमधली नोंदीची पाने फाडून पाठवली. अशा ऐंशी हजारांहून अधिक फायली आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. संशोधक ज्याला अस्सल कागद म्हणतो, तो पुष्कळदा एखाद्या म्हाताऱ्याची पन्नास वर्षांपूर्वीची आठवणच असतो. फरक इतकाच की ती कोणी, कधी, कोणासमोर आणि कशासाठी सांगितली, हे त्यावर लिहिलेले आहे.

कुळकथेला तेवढेच हवे असते. चांगला सोंगाडी ‘असे घडले’ म्हणायच्या ठिकाणी कधी ‘दप्तरात असे आहे’ म्हणतो, कधी ‘या घरात असे सांगतात’ म्हणतो, आणि दोन्हींची सरमिसळ होऊ देत नाही. ऐकणाऱ्या मुलालाही त्यातून कळते की इतिहास हा कोणीतरी शोधून काढावा लागतो. या दिवाळीत घरची वडीलधारी मंडळी जुन्या गोष्टी सांगू लागली, तर त्या त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात. खाली सांगणाऱ्याचे नाव, तारीख आणि त्यांनी त्या कोणाकडून ऐकल्या, एवढे लिहावे. त्या खऱ्या की खोट्या, हे पुढचा कोणी तपासील. पण तपासायला त्याच्या हाती काहीतरी असायला हवे.