खेळण्यातील ओतीव मोटारी : एक दुर्लक्षित साधनसामग्री

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. मुले चाके लावलेले लाकडी बैल सजवून ओढीत नेतात व घरोघर त्यांस बोजारा मिळतो. या लाकडी बैलाकडे लोकजीवनाचा अभ्यासक आदराने पाहतो. त्याच घरातील फडताळात पडून असलेली, तळहातावर मावणारी, जस्ताच्या मिश्रधातूची मोटार मात्र तो पोरखेळ म्हणून बाजूस सारतो. वस्तुतः दोन्ही वस्तू चाकांवर चालणाऱ्या प्रतिकृतीच होत. लाकडी बैलाचे मूळ गोठ्यात उभे असते. खेळण्यातील मोटारीचे मूळ बहुतेक घरांत कधी आलेलेच नसते. हा फरक समाजशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा असून, अशा मोटारींचा, विशेषतः आकाराने लहान परंतु थाटाने उंची अशा मोटारींच्या प्रतिकृतींचा संग्रह संशोधनाचे साधन म्हणून कसा वाचावा, याचे दिग्दर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वर्गाची मर्यादा निश्चित केली पाहिजे. उंची मोटार म्हणजे प्रशस्त मोटार, हे समीकरण दीर्घकाळ रूढ होते. त्यास छेद देणाऱ्या मोटारींत ब्रिटनमधील डेमलर व्ही-८ हिचा उल्लेख करावा लागेल. १९६२ साली पुढे आलेल्या या मोटारीस जग्वार मार्क २ चा आटोपशीर सांगाडा व अडीच लिटरचे आठ नळकांड्यांचे यंत्र होते. पुढे १९७५ साली बी. एम. डब्ल्यू. कंपनीची तिसरी श्रेणी व १९८२ साली मर्सिडीज-बेंझ १९० या मोटारींनी हा वर्ग पक्का केला. खेळणी बनविणाऱ्यांस तो सोयीचा ठरला. मर्सिडीज १९० ची लांबी सुमारे ४.४ मीटर आहे. १ : ४३ या प्रमाणात ती सुमारे १०३ मिलिमीटर, तर १ : ६४ या प्रमाणात सुमारे ६९ मिलिमीटर भरते. म्हणजेच ती मुलाच्या मुठीत राहते, आणि तरीही समोरची जाळी, दिव्यांची ठेवण व छताचा उतार यांवरून ओळखू येते.

या खेळण्यांची निर्मिती दाब-ओतकामाने होते. वितळलेला मिश्रधातू पोलादी साच्यात दाबाने सोडतात, तो क्षणार्धात गोठतो व साचा उघडून सुटा भाग काढून घेतात. वापरला जाणारा मिश्रधातू म्हणजे सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम व अल्प प्रमाणात अन्य धातू मिसळलेले जस्त होय. तो चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळत असल्याने साचा दीर्घकाळ टिकतो. साचा घडविणे अतिशय खर्चाचे, परंतु एकदा तो तयार झाला की प्रत्येक नगाचा खर्च अल्प, हे या उद्योगाचे अर्थशास्त्र आहे. पुढील विवेचन समजण्यासाठी हे सूत्र ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

लिव्हरपूल येथील मेकॅनो कंपनीने १९३४ पासून 'डिंकी टॉइज' हे नाव रूढ केले. लंडनच्या लेस्नी कंपनीने १९५३ साली 'मॅचबॉक्स' मालिका काढली. तीतील गाडी आगपेटीएवढ्या खोक्यात मावली पाहिजे, असा दंडक होता. परिणामी सर्व गाड्या एकाच प्रमाणात न राहता खोक्याच्या मापाने लहानमोठ्या झाल्या. १९५६ साली 'कॉर्गी'ने खिडक्यांना पारदर्शक तावदाने बसविली, आणि १९६८ साली अमेरिकेतील मॅटेल कंपनीच्या 'हॉट व्हील्स'ने वेगास प्राधान्य दिले. म्हणजे प्रतिकृतीत काय अचूक असावे, याविषयीची कल्पना दर पंधरा-वीस वर्षांनी बदलत गेली.

भारतीय अभ्यासकास सर्वांत उद्बोधक असे उदाहरण कलकत्त्याच्या 'निकी टॉइज'चे आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे जुने साचे भारतात आले व त्यांतून येथे गाड्या ओतल्या जाऊ लागल्या. तळाच्या पत्र्यावरील 'डिंकी' हे नाव खोडून त्या जागी नवे नाव आले. खोडल्याच्या खुणा अनेक नगांवर स्पष्ट दिसतात. या मालेत डेमलर व्ही-८, मर्सिडीज २२० एस. ई., जग्वार आणि बेंटली या गाड्या होत्या. त्या काळी परदेशी बनावटीच्या पूर्ण मोटारींची आयात कडक निर्बंधांखाली होती, आणि साध्या फियाटसाठीही ग्राहकास वर्षानुवर्षे थांबावे लागे. रस्त्यावर दुर्मिळ असलेली डेमलर याप्रमाणे खेळण्याच्या रूपाने भारतात तयार होत होती.

यावरून, भारतीय मध्यमवर्गाची अतृप्त आकांक्षा खेळण्यांत उतरली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो सावधपणे तपासला पाहिजे. कलकत्त्यास कोणत्या गाड्या तयार झाल्या, हे प्रथमतः लिव्हरपूलच्या कारखान्याने कोणते साचे हातावेगळे केले यावर अवलंबून होते. वर सांगितलेले सूत्र येथे लागू पडते : नवा साचा परवडत नाही, जुना परवडतो. म्हणून निवडीमागील आवड शोधण्यापूर्वी साच्याचा प्रवास शोधावा लागतो. या मालेतील 'स्टँडर्ड हेरल्ड' हे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. साचा ब्रिटिश ट्रायम्फ हेरल्डचाच. परंतु मद्रासमध्ये तीच मोटार १९६१ पासून स्टँडर्ड या नावाने तयार होत असल्याने खेळण्यासही तेच नाव मिळाले. साचा परका व नाव देशी, ही दुहेरी ओळख त्या काळातील आपल्या मोटारउद्योगाचेही यथार्थ वर्णन ठरते. पुढे १९८० च्या दशकात मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने मॅटेलच्या सहकार्याने 'लिओ' या नावाने हॉट व्हील्सच्या गाड्या काढल्या. तेथेही हीच तपासणी लागू करावी.

संग्राहक आणि संशोधक यांच्या मूल्यमापनात येथे भेद पडतो. बाजारात मूळ खोक्यातील, न हाताळलेल्या नगास सर्वाधिक किंमत येते. रंग उडालेली, आस वाकलेली गाडी कनिष्ठ ठरते व पुष्कळदा ती घासून पुन्हा रंगविली जाते. संशोधकाच्या दृष्टीने ही पुनर्रंगणी म्हणजे पुरावा पुसणे होय. रंग कोठे उडाला आहे यावरून मूल ती कशी धरी हे कळते. मूळ चाकाऐवजी बसविलेले बटण, सुताने बांधलेला आस, टोकदार खिळ्याने कोरलेले आद्याक्षर, ही सर्व वापराची साक्ष आहे. न हाताळलेला नग कारखान्याविषयी बोलतो, वापरलेला नग घराविषयी. दोन्ही जपले पाहिजेत.

जपण्याचा प्रश्न निकडीचा आहे. मिश्रधातूत शिशाचा अंश राहून गेल्यास धातूच्या कणांच्या सीमांवर क्षरण सुरू होते, वस्तू फुगते, भेगाळते व अखेर चुरा होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या अनेक डिंकी गाड्या अशाच नष्ट झाल्या. या विकारावर उपाय नाही. उष्णता व दमटपणा यांनी तो बळावतो; आणि वर्ध्याचा उन्हाळा व त्यापाठोपाठ येणारा पावसाळा या दोन्ही गोष्टी पुरवितो. वस्तू टिकेलच अशी खात्री देता येत नसल्याने तिची नोंद आधी झाली पाहिजे.

या नोंदीचा आदर्श आपणांस दूर शोधावा लागत नाही. वर्धा येथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. ग्रामोद्योगाची वस्तू कोणत्या कच्च्या मालापासून, कोणत्या अवजाराने व कोणाच्या हातून तयार होते, हे दाखविणे हा त्या संग्रहामागील विचार होता. वर्ध्यालगतच्या नालवाडीत १९३० च्या दशकात विनोबांच्या प्रेरणेने जे कार्य उभे राहिले, त्यातील चर्मालयाचा भरही कातड्याच्या उगमापासून तयार वस्तूपर्यंतची प्रत्येक क्रिया जाणून घेण्यावर होता. यंत्रोद्योगातील चैनीच्या वस्तूचे खेळणे या परंपरेच्या नेमके विरुद्ध टोकास आहे, हे उघड आहे. तथापि तिने शिकविलेले प्रश्न या खेळण्यासही तितकेच लागू पडतात.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी नालवाडी व परिसरातील घरांत असे सर्वेक्षण हाती घ्यावे, अशी सूचना करावीशी वाटते. प्रत्येक नगाची लांबी, वजन, तळावरील अक्षरे व खोडाखोड, रंगाचे थर, दुरुस्तीच्या खुणा नोंदवाव्यात; त्यानंतर ती कोणी, कोठून व कोणत्या प्रसंगी आणली, मुलीस ती खेळावयास मिळे की नाही, आणि त्याच घरी तान्ह्या पोळ्याचा बैल होता काय, हे विचारावे. आज डेमलर ओळखणारी व ती कोणी आणली हे सांगू शकणारी पिढी वयोवृद्ध झाली आहे. धातू कदाचित आणखी काही वर्षे तग धरील. त्यामागील स्मृती तितका काळ थांबणार नाही.